चोर्ल्याच्या घाटात सरकलेला कॅम्पर : एका पिकअपचं प्रकरण

कडोलीच्या एका शेतकरी घराचा पिकअप आठवडाभर भाजी वाहतो. संध्याकाळी कोबी, बटाटा, ढबू मिरची भरायची, पहाटे जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ला उतरायचा, गोव्यात माल टाकायचा आणि दुपारच्या जेवणाला घरी, असा त्या गाडीचा नेम. घरात आई आणि आप्पा, दोघंही सत्तरी ओलांडलेले. त्यांना पंढरपूर, सौंदत्तीची यल्लम्मा, गोव्यातली कुलदेवता करायची असते, पण जत्रेच्या गर्दीत मुक्कामाची पंचाईत होते आणि आईला रात्री दोन-तीनदा उठावं लागतं. म्हणून धाकट्या मुलाने कॅम्पर, म्हणजे पिकअपच्या हौद्यावर ठेवता येईल अशी मुक्कामाची लहान खोली, करून घेतला. तो हौद्यावर ठेवायचा, मुक्काम आटोपला की घरी आणून उतरवायचा आणि दुसऱ्या दिवशी गाडी पुन्हा भाजीला मोकळी. आई-आप्पा थोरल्याच्या मोटारीतून जाणार, कॅम्पर मागून रिकामा येणार. कल्पना चांगली होती आणि आजही ती चांगलीच आहे.

कॅम्पर असा : एक इंची चौकोनी पाइपचा सांगाडा, बाहेरून ॲल्युमिनियमचा पत्रा, तळाला 12 मिमी प्लाय. लांबी 2.4 मीटर, रुंदी 1.6 मीटर. हौदा आतून 2.5 बाय 1.7. आत दोन बाकं, लहान शेगडी, मागच्या कोपऱ्यात 100 लिटरची पाण्याची टाकी आणि तिच्याशेजारी 150 अँपिअर-तासांची बॅटरी. चार कोपऱ्यांना स्क्रूचे पाय, म्हणजे कॅम्पर उचलून धरायचा आणि गाडी खालून काढून घ्यायची. बांधायला चार रॅचेट पट्टे, म्हणजे दांडा मागेपुढे ओढून आवळायचे पट्टे. त्यांचे वरचे हूक कॅम्परच्या कानांना आणि खालचे हूक हौद्याच्या बाजूला दोरीसाठी असतात त्या कड्यांना.

मी उद्यमबागेत फॅब्रिकेशनचं काम करतो. कॅम्पर सरकल्यावर तो तपासायला आणि दुरुस्ती ठरवायला मला बोलावलं गेलं. घरच्यांच्या परवानगीने हे लिहितो आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी भागात असे हौद्यावरचे सांगाडे आता वाढू लागलेत. कुणी चहाची गाडी करतं, कुणी मधमाश्यांच्या पेट्यांसोबत राहायला खोली करतं. बांधायची पद्धत मात्र बहुतेक ठिकाणी हीच, चार पट्टे आणि दोरीच्या कड्या. म्हणून सगळं सविस्तर मांडतो.

काय घडलं

सप्टेंबरातला पाऊस होता. गोव्यात देवदर्शन करून मंडळी परत निघाली. पिकअप धाकटा चालवत होता. साखळी सोडून घाट चढताना एका डावीकडच्या वळणावर खड्डा आला, मागून धप्प आवाज झाला आणि स्टिअरिंग क्षणभर हलकं लागलं. घाटात थांबायला जागा नव्हती. तो तसाच हळू चालवत कणकुंबीत आला आणि गाडी सपाटीला लावून उतरला.

कॅम्पर मागे सरकला होता. निघताना तो हौद्याच्या पुढच्या भिंतीला टेकवून ठेवला होता. आता तिथे डाव्या बाजूला 7 सेंटीमीटर फट होती आणि उजव्या बाजूला 3. म्हणजे नुसता सरकला नव्हता, तिरकाही झाला होता. डाव्या बाजूचा पुढचा हूक कडीतून निसटून लोंबत होता. उजवीकडच्या पुढच्या कडीभोवतीचा पत्रा फुगून आला होता आणि वेल्डिंगला नखभर चीर गेली होती. चारही पट्टे शाबूत होते, एकही तुटला नव्हता, उसवलाही नव्हता. ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी, कारण पुढचं सगळं निदान तिच्यावरच उभं आहे.

मागे आणखी 3 सेंटीमीटर गेला असता तर कॅम्पर मागच्या फाळक्याला भिडला असता. फाळका दोन खिट्ट्यांवर बंद होतो. तो भाजीची पोती आत ठेवण्यापुरता असतो, चढणीवर घसरत येणारं लोखंडी ओझं थोपवायला नसतो.

कणकुंबीत त्यांनी एक काम फार शहाणपणाचं केलं. पाण्याची टाकी तिथेच रिकामी केली. मागच्या टोकाचं 100 किलो वजन एका तोटीने कमी झालं. मग पट्टे पुन्हा आवळले, निसटलेला हूक तारेने कडीला बांधला आणि सावकाश बेळगाव गाठलं.

पट्टे जाड का नकोत

कॅम्पर करणाऱ्या मेस्त्रींचं मत तयार होतं. ते म्हणाले, "पट्टे बारीक पडले. पाच टनी आणूया, हलायचंच नाही मग." घरच्यांनाही ते पटलं होतं. धाकट्याचा प्रश्न वेगळा आणि जास्त खोलातला होता. त्याने विचारलं, "काका, याच गाडीत दीड टन बटाटा भरून याच घाटाने जातोय की हो. एक दोरी टाकतो वरून. तेव्हा काही होत नाही. आणि हे तर निम्मंसुद्धा नाही."

या प्रश्नाचं उत्तर म्हणजेच हे प्रकरण. बटाट्याची पोती हौदा भरून बसतात. पुढच्या भिंतीपासून मागच्या फाळक्यापर्यंत आणि डाव्या बाजूपासून उजव्या बाजूपर्यंत मोकळी जागाच राहत नाही. पोती एकमेकांत रुततात. वजन खाली असतं आणि हौद्यावर सारखं पसरलेलं असतं. कॅम्पर हौद्यात बसत नाही, उभा असतो. पुढची भिंत सोडली तर त्याच्या बाजूंना आणि मागे बोटं जातील एवढी फट, तळ गुळगुळीत, वजन उंचावर आणि एका कोपऱ्यात गोळा झालेलं. पट्ट्याने काय काय थांबवायचं? पोत्यांच्या बाबतीत दोरीला फारसं काम नसतंच, हौदाच सगळं धरून ठेवतो. कॅम्परच्या बाबतीत हौद्याचं ते काम पट्ट्यांच्या गळ्यात पडलं होतं.

शिवाय पाच टनी पट्टा म्हणजे पाच टनांची ओढ नव्हे. पट्ट्याच्या लेबलवर दोन आकडे असतात. एक, पट्टा किती भार सोसेल ते, म्हणजे एलसी. दुसरा, रॅचेटचा दांडा हाताने ओढल्यावर प्रत्यक्ष किती ताण येतो ते, म्हणजे एसटीएफ. साध्या आखूड दांड्याच्या रॅचेटला हा दुसरा आकडा 300 किलोच्या आसपास असतो, पट्टा कितीही जाड घ्या. तिसरी गोष्ट लेबल वाचूनही पटकन लक्षात येत नाही. पॉलिस्टरचा पट्टा ताणाखाली लांबतो. युरोपातल्या मानकाप्रमाणे पूर्ण भाराला 7 टक्क्यांपर्यंत लांबणं चालतं. 2 मीटर पट्ट्याचे 7 टक्के म्हणजे 14 सेंटीमीटर. भार कमी असेल तर लांबणंही कमी, पण खड्ड्यात कॅम्पर क्षणभर दबला, पट्टा सैल झाला आणि उघड्या तोंडाचा हूक कडीतून बाहेर पडला, एवढं व्हायला दोन सेंटीमीटरही पुरतात. कणकुंबीत लोंबणाऱ्या हुकाचा उलगडा हाच होता.

काट्यावर काय दिसलं

मेस्त्रींचा अंदाज होता की कॅम्पर साडेतीनशे, फार तर चारशे किलो भरेल. काकतीच्या बाजूच्या एका वजनकाट्यावर गाडी नेली. आधी नुसता पिकअप, मग पाणी, बॅटरी, पाच किलोचं भरलेलं सिलिंडर, अंथरूण-पांघरूण, भांडी, शिधा असं सगळं घालून कॅम्परसकट. दोन्ही वेळा आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घेतली, मग पूर्ण गाडी. काटेवाल्याला हे जरा चमत्कारिक वाटलं, पण पावती त्याने दोन्हींची दिली. माझ्या मते या सगळ्या कामातली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोलाची गोष्ट ती पावती होती.

नुसता पिकअप पुढे 900, मागे 780, एकूण 1680 किलो. कॅम्परसकट पुढे 855, मागे 1515, एकूण 2370. म्हणजे भरलेला कॅम्पर 690 किलोचा. गाडीची क्षमता 1500, तेव्हा एकूण वजनाची भीती नाही. मात्र पुढची चाकं पाहा. गाडीवर 690 किलो चढवल्यावर पुढचं वजन वाढायला हवं होतं, ते 45 किलोने कमी झालं. पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर सुमारे 3 मीटर. 45 ला 3 ने गुणून 690 ने भागलं की जवळजवळ 20 सेंटीमीटर येतात. कॅम्परचा गुरुत्वमध्य, म्हणजे ज्या बिंदूवर त्याचं सगळं वजन तोललं जातं तो, मागच्या ॲक्सलच्याही 20 सेंटीमीटर मागे होता. टाकी आणि बॅटरी दोन्ही मागच्या कोपऱ्यात ठेवल्याचा हा परिणाम. चढणीवर स्टिअरिंग हलकं लागलं ते यामुळेच. पुढची चाकं रस्त्यावर पुरेशी दाबलेली नसली तर वळण आणि ब्रेक दोन्ही कच्चे होतात, आणि ओल्या घाटात हे कॅम्पर सरकण्यापेक्षाही वाईट.

अमेरिकेत असे कॅम्पर पूर्वापार चालत आलेत. तिथे कॅम्परचं वजन आणि गुरुत्वमध्य कुठे आहे, आणि पिकअपवर तो कुठे यायला हवा, ही माहिती दोन्ही उत्पादकांनी ग्राहकाला द्यावी असा सरकारी नियमच आहे. गुरुत्वमध्य मागच्या ॲक्सलच्या पुढे यायला हवा, हे त्यातलं मूळ सूत्र. आपल्याकडे कॅम्पर एका शेडमध्ये होतो आणि गाडी दुसरीकडून येते. मधलं गणित कुणीतरी बसून करायला हवं, आणि ते काट्याच्या दोन पावत्यांत होतं.

तळ किती घसरतो

प्लायचा गुळगुळीत तळ, खाली रंगवलेला पत्रा, मधे पावसाचं पाणी आणि भाजीबरोबर आलेली माती. हे किती घसरट आहे ते मोजायला यंत्र लागत नाही. हौद्याच्या पत्र्याचा तुकडा घेतला, त्यावर कॅम्परच्याच प्लायचा उरलेला तुकडा ठेवला, प्लायवर 10 किलोचं वजन. पत्र्याचं एक टोक हळूहळू उचलत गेलो. प्लाय ज्या क्षणी सुटला त्या क्षणीची उंची मोजली आणि आडव्या अंतराने भागली. उत्तर म्हणजे घर्षणाचा गुणांक. कोरडं असताना 0.42 आला. चिखलाचं पाणी शिंपडल्यावर 0.28.

आता हिशोब असा. रस्त्यावरच्या मालासाठी युरोपातलं मानक सांगतं की जोराच्या ब्रेकला मालाच्या वजनाच्या 0.8 पट जोर पुढे लागतो असं धरा, आणि बाजूला व मागे 0.5 पट. 690 किलोला ब्रेकमध्ये 552 किलोचा जोर, वळणावर 345 किलोचा. 0.28 म्हणजे ढोबळ 0.3 धरला तर ओल्या तळाचं घर्षण 207 किलो धरून ठेवतं. उरलेले 345 किलो पुढे आणि 138 किलो बाजूला, हे पट्ट्यांच्या वाट्याला. पट्टे जवळजवळ उभे बांधलेले. उभा पट्टा खाली दाबतो, आडवं फारसं धरत नाही. त्यात खड्ड्यात कॅम्पर उसळला की तेवढा क्षण घर्षण नाहीसंच होतं. घाटातल्या वळणावर त्या दिवशी चढ, वळण, खड्डा आणि पाणी हे सगळं एकाच ठिकाणी जमून आलं.

तळाशी रबर घातलं तर गुणांक 0.6 धरता येतो. मग घर्षणच 414 किलो धरतं. वळणावरचे 345 त्यातच संपतात आणि ब्रेकला पट्ट्यांकडे फक्त 138 किलो उरतात. रबर घालायचं हे तिथेच ठरलं.

कुठलं रबर, यावर थोडा वेळ गेला. धाकट्याने साखर कारखान्यातून निघालेला जुना कन्व्हेअर बेल्ट आणला होता. तो फुकट आणि मजबूत होता. पण वापरून वापरून त्याची पाठ काचेसारखी झालेली. पत्रा उचलून पाहिलं तर ओला असताना 0.4 च्या आतच सुटला. मग त्यांच्याच गोठ्यात म्हशींखाली घालायची नवी खाचांची रबर मॅट होती, तिचा तुकडा लावला. तो ओला करून, माती टाकूनही 0.6 च्या वरच टिकला. खाचांतून पाणी वाहून जातं हा आणखी एक फायदा. म्हशीचा पाय घसरू नये म्हणून केलेली वस्तू इथे नेमकी उपयोगी पडली. पूर्ण हौद्यात न पसरता कॅम्परच्या तळाच्या लांबीच्या पाइपांखाली येतील अशा रुंद पट्ट्या कापल्या, म्हणजे वजन वाढत नाही आणि पाणीही तुंबत नाही.

आधी बसवला

दुरुस्तीचा क्रम मी मुद्दाम उलटा ठेवला. बांधणं सगळ्यात शेवटी. कॅम्पर एकही पट्टा नसताना किती जागचा हलत नाही, ते आधी पाहायचं.

टाकी आणि बॅटरी मागून काढून पुढच्या भिंतीला नेली. नळ मागेच हवा होता म्हणून पाइप लांबवावा लागला, त्यापलीकडे काही अडचण आली नाही. 150 किलो पावणेदोन मीटर पुढे सरकलं. मग रबर. मग पुढच्या भिंतीला तळाशी अडीच सेंटीमीटरची सागाची आडवी फळी, म्हणजे ब्रेक मारल्यावर जोर एका कोपऱ्यावर न येता पूर्ण रुंदीवर पसरतो. मागे लोखंडी अँगल, हौद्याच्या खालच्या आडव्या पट्टीतून बोल्ट घालून पक्का केलेला, आणि अँगल व कॅम्परच्या मधे लाकूड. मागचा फाळका आता नुसता फाळका राहिला. दोन्ही बाजूंच्या पाच-पाच सेंटीमीटर फटीत लाकडी ठोकळे, प्रत्येक बाजूला पुढे एक आणि मागे एक. ठोकळे पाचरीसारखे ठोकले नाहीत, कारण पाचर खड्ड्याखड्ड्याला सैल होते. ठोकळ्याला खाली पत्र्याची चपटी पट्टी जोडून ती बोल्टने धरली.

एवढं झाल्यावर, पट्टे न लावता, मोकळ्या मैदानात अगदी सावकाश गाडी फिरवली आणि हलके ब्रेक मारले. कॅम्पर जागचा हलला नाही. धाकट्याला तेव्हा पहिल्यांदा वाटलं की गोष्ट मार्गी लागली.

मग बांधला

बांधायच्या बाबतीत सगळ्यात मोठा बदल म्हणजे जागा. दोरीच्या कड्या हौद्याच्या बाजूच्या पातळ पत्र्याला असतात. ताडपत्रीसाठी त्या ठीक. उभं ओझं त्यांना टांगणं म्हणजे पत्रा फाडायला देणं, आणि उजवीकडची कडी त्याच वाटेवर होती. कॅम्परचा जोर चेसिसवर, म्हणजे गाडीच्या खालच्या मूळ सांगाड्यावर उतरायला हवा, हौद्याच्या पत्र्यावर नाही.

हौद्याखाली आडवे दोन चौकोनी पाइप घातले, 50 बाय 50, जाडी 4 मिमी. एक ड्रायव्हरच्या केबिनमागे, एक मागच्या ॲक्सलच्या मागे. दोन्ही चेसिसला प्लेट आणि बोल्टने चिमटून धरले, आणि जिथे चेसिसला कारखान्यातूनच आलेली भोकं होती तिथे तीच वापरली. चेसिसला वेल्डिंग करायचं नाही. तिच्या वरच्या-खालच्या कडेला नवीन भोकही पाडायचं नाही. आपल्याकडे वेल्डिंगचा मोह फार. काम दहा मिनिटांत होतं आणि दिसायला पक्कं दिसतं. पण उष्णतेने तिथलं पोलाद कमकुवत होतं, पाटे दबतील तसतशी चेसिस रोज पिळवटत असते, आणि चीर त्या टाक्याच्या कडेपासूनच सुरू होते. मेस्त्री यावर बराच वेळ माझ्याशी वाद घालत होते. शेवटी त्यांनीच क्लॅम्प इतके सुबक केले की बघत राहावं.

पाइपांची टोकं हौद्याच्या कडेपर्यंत आणली. कॅम्परच्या बाजूचे कान बदलले. आधीचे कान एक इंची पातळ पाइपच्या भिंतीला चिकटवलेले होते. नवे कान 6 मिमी प्लेटचे, दोन उभ्या पाइपांना मिळून बोल्टने धरलेले.

पट्ट्यांऐवजी टर्नबकल घेतले, म्हणजे मधला भाग फिरवला की दोन्ही टोकं आत ओढून घेणारे आट्यांचे लोखंडी दुवे. अर्धा इंची, घडीव, दोन्ही टोकांना हूक नसून पिन आडवी जाणारे जबडे. या मापाच्या टर्नबकलचा सुरक्षित कार्यभार साधारण 1 टन असतो. बाजारात हुकाचे, वाकवलेल्या सळीचे टर्नबकल स्वस्त मिळतात. ते मांडवाच्या तारेला लावावेत, गाडीला नाही. पुढचे दोन टर्नबकल असे तिरके लावले की ते कॅम्परला खाली आणि पुढे ओढतील. मागचे दोन खाली आणि मागे ओढतील. चौघांची ओढ एकमेकांविरुद्ध असल्याने कॅम्पर मधल्या मधे अडकतो आणि ब्रेक, चढण दोन्हीला कोणीतरी ताणलेलं राहतं.

यात एक अडचण उरते. खड्ड्यात एक चाक खाली गेलं की चेसिस पिळते, कॅम्पर पिळत नाही. मधला दुवा नुसता लोखंडी असेल तर एका क्षणी तो कानावर भलताच ताण टाकतो आणि पुढच्या क्षणी सैल पडतो. म्हणून प्रत्येक टर्नबकलच्या ओळीत एक दाबाची स्प्रिंग घातली. रचना अशी की दोन यू आकाराच्या सळया एकमेकींत उलट्या घातलेल्या असतात आणि ओढलं की मधली स्प्रिंग दबते. स्प्रिंग तुटली तरी सळया एकमेकींत अडकलेल्याच राहतात, सुटत नाहीत. ताणाची स्प्रिंग वापरली असती तर ती तुटताच सगळंच सुटलं असतं. हा फरक मेस्त्रींना एकदा सळी हातात घेऊन दाखवला आणि पुढे काही सांगावं लागलं नाही.

या स्प्रिंगचा आणखी एक उपयोग झाला, आणि मला तो सगळ्यात आवडतो. स्प्रिंग मोकळी 65 मिमी. दर मिलिमीटरला साधारण 30 किलो. ती 60 मिमी होईपर्यंत आवळली की ताण 150 किलो झाला, हे डोळ्यांनी दिसतं. 60 मिमी लांबीची पत्र्याची एक पट्टी कापून गाडीच्या किल्लीच्या कडीत घातली. पट्टी स्प्रिंगशेजारी धरायची. स्प्रिंग तिच्यापेक्षा लांब दिसली तर आवळायची. "घट्ट आहे का" हा प्रश्न आता अंदाजाचा राहिला नाही, आणि आप्पांनाही तपासता येतो.

टर्नबकल कंपनाने स्वतःहून उलटा फिरतो. त्याला दोन्ही बाजूंना चेकनट लावले, त्यातला एक डाव्या आट्यांचा, आणि वरून बारीक तार गुंफून घेतली. पिनांना स्प्लिट पिन.

घाट पुन्हा

पुन्हा काट्यावर नेलं. रबर, पाइप, क्लॅम्प धरून 40 किलो वाढले. पुढे 945, मागे 1465, एकूण 2410. पुढची चाकं आता नुसत्या गाडीपेक्षा 45 किलोने जड आणि गुरुत्वमध्य मागच्या ॲक्सलच्या 18 सेंटीमीटर पुढे. चाकांची हवा दारावरच्या तक्त्याप्रमाणे, भरलेल्या गाडीची.

चारही कोपऱ्यांवर कॅम्पर आणि हौदा दोन्हींवर मिळून एक एक रंगाची रेघ मारली. सामानाऐवजी तेवढ्याच वजनाची बटाट्याची पोती आत ठेवली, टाकी भरली. निघाल्यावर पहिल्या वीसेक किलोमीटरला थांबायचंच असं ठरवलं होतं. तिथे पट्टी लावली तर चारही स्प्रिंगा दीड-दोन मिलिमीटरने सैल झालेल्या. यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. नवं रबर दबतं, लाकूड बसतं, रंग चेपतो. टर्नबकलला अर्धा-पाऊण फेरा दिला. जांबोटीला पुन्हा पाहिलं, काही बदल नाही. चोर्ला उतरलो, खाली वळलो आणि भर पावसात वर चढून कणकुंबीला आलो. रेघा पाहिल्या. डाव्या बाजूच्या मागच्या रेघेत साधारण 2 मिमीचा फरक, बाकी तीन तंतोतंत.

स्टिअरिंगबद्दल धाकट्याचं म्हणणं त्याच्याच शब्दांत : "आता गाडी हाताला लागतेय."

उरलेलं

चालत्या गाडीत कॅम्परमध्ये कोणीही बसायचं नाही, पोरंही नाहीत, पाच मिनिटांसाठीही नाही. मालवाहू गाडीच्या हौद्यातून माणसं नेणं कायद्याने बंद आहे हे एक कारण. दुसरं असं की वरची सगळी बांधणी कॅम्पर जागेवर राहावा म्हणून आहे, आतल्या माणसाला अपघातात वाचवणारं त्यात काहीही नाही. निघण्याआधी सिलिंडरचा वॉल्व्ह बंद, सिलिंडर उभं आणि पट्ट्याने धरलेलं.

कागदांचा विषय मी त्यांना आधीच सांगितला. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे गाडीच्या नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही 2019 मध्ये हे ठामपणे सांगितलं आहे. म्हणून गाडीच्या मूळ भागांत कापाकापी केलेली नाही. आडवे पाइप, क्लॅम्प, अँगल, सगळं बोल्ट काढले की सुटतं. तरी कॅम्परचा फोटो, काट्याच्या पावत्या आणि बांधणीचं रेखाचित्र घेऊन चिकोडी असो की बेळगाव, आपल्या आरटीओत आणि विमा कंपनीकडे लेखी विचारून ठेवावं. अपघातानंतर विचारायची ही गोष्ट नव्हे.

कॅम्पर चढवता-उतरवतानाही काळजी हवी. चार पायांवर उभा असताना तो सर्वांत कच्चा असतो. काँक्रीटवरच उतरवायचा, मातीवर असेल तर प्रत्येक पायाखाली जाड फळी, पाय एकाआड एक थोडे थोडे फिरवायचे, वारा असेल तर थांबायचं, आणि गाडी काढून घेतल्याबरोबर पाय आखडून कॅम्पर लाकडी ओंडक्यांवर खाली घ्यायचा. त्याच्याखाली कुणी शिरायचं नाही.

एक गोष्ट मला अजून पुरती पटलेली नाही. कॅम्पर उंच आहे, आणि महामार्गावर निपाणीच्या पुढे मोकळ्यावर आडवा वारा लागला की गाडी डोलते. बांधणीने ते जाणार नाही. छपरावरचं सौर पॅनल आणि वरच्या कपाटातला शिधा खाली आणायला सांगितलं आहे. कपाट रिकामं झालं, पॅनल अजून वरच आहे.

मागच्या क्लॅम्पखाली चेसिसचा रंग घासला गेलेला दिसला. तिथे रंग लावून घेतला आहे. कार्तिकीला पंढरपूरला निघण्याआधी ते बोल्ट एकदा पूर्ण उघडून आत गंज धरलाय का ते पाहायचं आणि नायलॉक नट (कंपनाने सैल न होणारे) नवे घालायचे, एवढं ठरलं आहे.